पलंगावरचं पिवळं कार्ड

३ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे या पत्रात शोधू नकोस, नाहीये. फोन तू उचलत नाहीस. वॉर्डात पाऊल टाकायला मला बंदी आहे. तुझ्या घराची बेल वाजवली की भाऊजी दार अर्धं उघडतात आणि ती झोपलीय म्हणतात. संध्याकाळी पाचला. तू तान्ही असतानासुद्धा या वेळेला झोपली नसशील. म्हणून हा कागद. आई रविवारी तुझ्याकडे येते, तिच्या पिशवीतून पोचेल. तिने वाटेत उघडून वाचलं तर वाचू दे. आपल्या थोरलीचे प्रताप तिलाही कळू देत.

काल चौकशीची नोटीस आली आणि सोबत तुझ्या जबाबाची प्रत. दीड पान इंग्रजी आणि खाली तुझी ती ऐटबाज सही. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे, शिकवलंयस तूच. ओळीवर बोट ठेवत वाचत गेले आणि तिसऱ्या ओळीला बोट थांबलं. सहा नंबरच्या पलंगावरील रुग्णाला सपोर्ट करण्याची सूचना होती, मदतनीसाने एकटीनेच असिस्ट केले, असं लिहिलंयस.

मदतनीसाने! जिच्या वेण्या घालून शाळेत सोडलंस, जिला स्वतः हाताला धरून त्या वॉर्डात कामाला लावलंस, ती मदतनीस. नाव लिहायला शाई कमी पडत होती का?

वीस तारखेला मला समितीपुढे उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगायचं आहे. माझी तर बोलताना बोबडी वळते, म्हणून आधी तुझ्यावरच सराव करते. ऐक.

आपल्या वॉर्डात तीन कार्डं आहेत. हिरव्यावर सुपरवाइज. म्हणजे हाताच्या अंतरावर उभं राहायचं, पण हात लावायचा नाही. पिवळ्यावर असिस्ट. म्हणजे एक माणूस, एक हात पेशंटच्या कोपराखाली, वजन ज्याचं त्याने पेलायचं. लालवर सपोर्ट. म्हणजे कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना दोन माणसं, कारण सोडलं तर पेशंट पडणार. रोज सकाळी आठला फिजिओच्या मुख्य बाई, म्हणजे तू, प्रत्येकाला उभं करून बघणार आणि पलंगाच्या डोक्याशी त्या दिवसाचं कार्ड अडकवणार. आम्ही त्याप्रमाणे चालवणार. विचार करायचा नाही, कार्ड बघायचं, हे तुझंच वाक्य. पहिल्या दिवशी मी एका आजींना 'हेल्प करते' म्हणाले, तर दहा जणांसमोर तू मला सुनावलंस, की हेल्प शेजारीपाजारी करतात, इथे नेमकं काय करायचं ते कार्डावर लिहिलेलं असतं.

तर ताई, एकवीस जानेवारीला सहा नंबरवर कार्ड पिवळं होतं. मी तिथल्या मास्तरांना खिडकीपर्यंत नेत होते. माझा हात त्यांच्या कोपराखाली होता. डावा गुडघा अचानक मुडपला आणि ते पडले. मी त्यांच्यासोबत स्ट्रेचरमागे धावले, खुब्याचं हाड मोडलंय हे एक्स-रेत कळलं, मी रडत परत वॉर्डात आले. बघते तर कार्ड लाल.

पाऊण तासात कार्डाने रंग बदलला. आणि त्या कार्डांच्या खणाची किल्ली तुझ्या गळ्यात असते.

मी तुझं काय घोडं मारलं होतं? दोष लागला तर दवाखान्यांच्या मदतनीसांच्या यादीतून माझं नाव काढतील असं सगळ्या जणी म्हणताहेत. मग या शहरात एकही दवाखाना मला पेशंटला हात लावू देणार नाही. आणि मला दुसरं काही येत नाही, ताई. माणसाला उभं करणं एवढंच येतं.

वीस तारखेला ये आणि कार्ड पिवळं होतं असं सांग. तीनच शब्द आहेत. इंग्रजीतही फार होणार नाहीत.

— मदतनीस


९ फेब्रुवारी

ताई,

आई परत आली. तिच्यासोबत तुझा निरोप आला, 'तिला म्हणावं गप्प बस, मी जे केलंय ते तिच्या भल्यासाठी.' आईने तो तसाच्या तसा, तुझ्या ठसक्यात म्हणून दाखवला आणि वर मलाच विचारलं, की तुम्हा दोघींच्या मध्ये मी किती दिवस हमाली करायची? मी म्हटलं, तुझी मोठी लेक खरं बोलेपर्यंत.

माझ्या भल्यासाठी! हे ऐकून डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला कप भिंतीवर फेकावासा वाटला. फेकला नाही, कारण तो कपही तूच दिलेला आणि घरात तीनच उरलेत. लहानपणी माझी चित्रांची वही तू शेजारच्या मुलीला देऊन टाकलीस, तीसुद्धा माझ्या भल्यासाठी, अभ्यास व्हावा म्हणून. दरवेळी माझंच भलं आणि दरवेळी मीच तोंडघशी.

मी मास्तरांना भेटले. बंदी आपल्या वॉर्डाची आहे, ऑपरेशनवाल्यांच्या इमारतीची नाही. त्यांच्या पत्नी, काकू, पलंगापाशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना मोतीबिंदूमुळे दिसत नाही, आवाजावरून ओळखलं मला. मला वाटलं होतं की तोंडावर दार लावतील. त्यांनी सरकून अर्ध्या स्टुलावर जागा केली.

मास्तर तुला फक्त सहा नंबर म्हणून माहीत. मला ते चांगले माहीत आहेत. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस, पक्षाघाताने डावी बाजू गेली तरी दुसऱ्याचं इंग्रजी दुरुस्त करायची खोड गेली नाही. डोक्याशी रोज नवं कार्ड लागलं की त्यांचा तास सुरू व्हायचा. परवा तो राहिलेला तास त्यांनी झोपल्या झोपल्या घेतला. म्हणाले, तुझ्या ताईने रंग बरोबर लावलेत. असिस्ट करायचं तेव्हा काम दुसऱ्याचं असतं, आपण नुसते बाजूला. तो चालतो, आपण सोबत असतो. सपोर्ट खालून असतो, काढून घेतला की वरचं सगळं खाली येतं. एड, म्हणजे सरकारी मदत, कागदावरून येते, तिला सही-शिक्का लागतो. मी विचारलं, आणि हेल्प? तिला तर आमच्या वॉर्डात कुणी विचारत नाही. तर म्हणाले, "अगं, ती तर हाक आहे. बुडणारा माणूस कधी असिस्ट, असिस्ट असं ओरडतो का?"

हसले मी. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आणि मग त्यांचा तो फळीला बांधलेला पाय दिसला.

बरं, हेही लिहिते. तू मनात म्हणतच असशील, धाकटी अर्धंच सांगते म्हणून. पिवळं कार्ड मी मागितलं होतं. लाल कार्डवाल्याला घरी सोडत नाहीत, सलग सात दिवस पिवळं लागलं तरच सोडतात. काकू घरी एकट्या, दिसत नाही, गॅस पेटवताना हात भाजून घेतलेला. मास्तर रोज मला म्हणायचे, तुझ्या ताईला सांग. मी रोज तुला सांगायचे. चहाच्या वेळी, कपडे बदलताना, जिन्यात. तू चार दिवस नाही म्हणालीस. त्यांचा डावा गुडघा अजून दगा देतो म्हणालीस. पाचव्या दिवशी वैतागून पिवळं लावलंस आणि म्हणालीस, आता तरी माझं डोकं खाऊ नकोस.

मागितलं मी, कबूल. पण लावलंस तू. मुख्य बाई तू आहेस. माझ्या हट्टाने कार्डं बदलत असतील तर मग माझ्या हट्टाने तू पगारही मला देऊन टाकायला हवास. तू नाही म्हणून ठाम राहायचं होतंस. आणि एकदा हो म्हणालीस तर नंतरही त्या 'हो'च्या पाठीशी उभं राहायचं होतंस. तू दोन्ही केलं नाहीस आणि हात वर करून मोकळी झालीस.

— धाकटी


१३ फेब्रुवारी

ताई,

आता माझी पाळी.

मास्तरांकडे एक वही आहे. शाळेची, निळ्या पुठ्ठ्याची. वॉर्डात आल्यापासून रोज सकाळी कार्ड लागलं की ते उजव्या हाताने तारीख घालायचे, कार्डावरचं क्रियापद लिहायचे आणि त्याचा वाक्यात उपयोग करायचे. छत्तीस वर्षं पोरांना करायला लावलेला गृहपाठ आता स्वतः करत होते. मला वाटायचं, वेळ जायला काहीतरी करताहेत. तुला तर वही आहे हेच माहीत नव्हतं. तू फेरीत पाय बघतेस, उशीखाली काय आहे ते बघत नाहीस.

काल त्यांनी ती मला दिली. एकवीस जानेवारीचं पान माझ्यासमोर आहे. वर तारीख, खाली ठळक अक्षरात असिस्ट, आणि खाली वाक्य, की आज ही मुलगी मला खिडकीपर्यंत असिस्ट करणार आहे. वीस तारखेला असिस्ट. एकोणीसला असिस्ट. त्याआधीची सगळी पानं सपोर्ट.

कळलं? पेशंटच्या हस्ताक्षरात, तारीखवार. तुझं दीड पान आणि ती ऐटबाज सही एकीकडे, आणि मास्तरांची वही एकीकडे. समितीतल्या लोकांना वाचायला जड जाणार नाही, अक्षर मोत्यासारखं आहे.

आई म्हणते, बहीण आहे, तिला संपवू नकोस. मी म्हटलं, तिला माझं नाव लिहायचं सुचलं नाही तेव्हा मी तिची कोण होते? आई कणीक मळायला गेली. मळतच राहिली.

पुढची पानं कोरी आहेत. ऑपरेशन झालं, मग कुठलं लिहिणं.

तुझ्याकडे सात दिवस आहेत. तू आपणहून सांगितलंस तर वही माझ्या पिशवीतच राहील. नाहीतर ती टेबलावर येईल. मी गप्प बसणारी नाही, कितीही निरोप धाडलेस तरी.

— धाकटी


१८ फेब्रुवारी

ताई,

आज रविवार नाही. तरी आईला मुद्दाम पाठवते आहे. तिचे गुडघे दुखताहेत, तिला खुर्ची दे.

पुढची पानं कोरी नाहीत.

एक पान लिहिलेलं आहे. तीस जानेवारीचं. अक्षर वेडंवाकडं आहे, झोपून लिहिलेलं. वर सुपरवाइज. त्याखाली वाक्य, की एकवीस तारखेला खिडकीजवळ ही मुलगी मला सुपरवाइज करत होती, कारण मीच तिला हात काढायला सांगितलं.

मी ते पान पहिल्याच दिवशी वाचलं होतं. तुला लिहिताना ते उघडंच होतं माझ्यासमोर. फाडायला धरलंही. वही शिवलेली आहे, एक पान ओढलं तर दुसऱ्या बाजूचं सुटतं, आणि दुसऱ्या बाजूला नेमकं एकवीस तारखेचं पान. मास्तरांनी काही शिवून ठेवलं नव्हतं तसं, वहीच तशी. पण मला वाटलं की ते मला वर्गात उभं करून हसताहेत.

माझा हात तिथे नव्हता, ताई.

खिडकीला चार पावलं उरली होती. मास्तर म्हणाले, सोड, काकूंना सांगायचंय की मी एकटा चाललो. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला नाही म्हणता आलं नाही. मी दोन पावलं मागे सरकले. टाळ्या वाजवायच्या तयारीत होते, माझे दोन्ही हात एकमेकांजवळ होते. पिवळ्या कार्डावर मी हिरव्यासारखं वागले. हे मी चार आठवडे कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, स्वतःलाही अर्धंच.

हे लिहून झाल्यावर नोटिशीचं दुसरं पान वाचलं. नियमांचं पान, मी सोडून दिलं होतं. बोट ठेवत वाचलं. लाल कार्डाच्या पेशंटला एकटीने चालवलं तर सहा महिने काम बंद. पिवळ्या किंवा लाल कार्डाच्या पेशंटचा हात सोडला तर नाव कायमचं काढायचं.

मग तुझा जबाब परत काढला. एकटीनेच असिस्ट केले. तू असिस्ट लिहिलंस. म्हणजे माझा हात तिथे होता असं लिहिलंस. त्या वेळी तू काचेच्या दारामागे उभी होतीस, सगळ्यात आधी धावत आलीस ती तूच. तुला दिसलं होतं. तुला सगळं दिसलं होतं.

म्हणजे तू बसून, विचार करून, शब्द निवडलेस. एका शब्दाने स्वतःला वाचवलंस आणि दुसऱ्याने मला. मला सहा महिने, तुला काहीच नाही. भल्यासाठी.

आता तुला वाटेल की मी पाया पडेन. माझा राग दुप्पट झालाय. तुला कोणी सांगितलं होतं? मला एकदा समोर बसवून विचारायचं होतंस, की धाकटे, हात होता का? मी थापा मारल्या असत्या, तू कान धरला असतास, आपण दोघी रडलो असतो आणि मग काय ते ठरवलं असतं. त्याऐवजी तू मला न विचारता माझी चूक बदललीस. माझी खरी चूक काढून घेतलीस आणि दुसरी, बेताची, माझ्या मापाची शिवून दिलीस. मी केलेली चूकसुद्धा माझी राहू दिली नाहीस! उद्या मास्तरांसमोर कुठल्या तोंडाने बसू? त्यांना ठाऊक आहे हात कुठे होता. आणि जन्मभर तुझ्या डोळ्यांत बघायचं, की हिला मी वाचवलं?

मी परवा खरं सांगणार आहे. सगळं. कार्डाचं आणि हाताचं. त्याने तुझं काय होईल ते मला माहीत आहे. माझं काय होईल तेही.

हे तुला आधी सांगते आहे, कारण मला पाठीमागून काही करायचं नाही. ते तू केलंस.

— धाकटी


२२ फेब्रुवारी

ताई,

परवा तू माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलीस. निळी साडी, इस्त्रीची. मला वाटलं होतं की रजा टाकशील.

तुझं नाव आधी पुकारलं. वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती आणि पिशवीची चेन उघडी होती. अध्यक्षबाईंनी विचारलं, जबाबात काही बदल करायचा आहे का? तू उभी राहिलीस. इतका वेळ उभी राहिलीस की त्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

"कार्ड पिवळं होतं," तू म्हणालीस. "पडल्यानंतर मी बदललं. आणि ते पिवळं लावायलाच नको होतं."

मी चेन बंद केली.

मग त्यांनी विचारलं, की मदतनीसाचा हात रुग्णाच्या कोपराखाली होता का? माझं पत्र तुझ्याकडे पोचलं होतं. मी काय सांगणार आहे हे तुला पक्कं ठाऊक होतं. तरी तू समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालीस, की मी दारामागे होते, काचेतून नीट दिसलं नाही.

स्वतःचं घर जाळून झाल्यावरही तू माझ्यावर पांघरूण घालायला निघाली होतीस! असा राग आला, ताई. तिथल्या तिथे उठून तुझा दंड धरून हलवावंसं वाटलं. आणि रडूही आलं, तेही लिहून ठेवते, नाहीतर आई सांगेलच.

मग मला बोलावलं. बोबडी वळली नाही. मी म्हटलं, "ताईला दिसलं होतं. माझा हात तिथे नव्हता." पिवळं कार्ड मीच मागितलं होतं तेही सांगितलं. वही बाहेर काढावी लागली नाही.

निकाल काल दुपारी समितीच्या दारावर चिकटवला. तू वाचलाच असशील. माझं नाव काढलं. तुझ्याकडून मुख्य बाईचं काम आणि कार्डांचा खण काढून घेतला. आई मी आणलेले दोघींच्या निकालाचे कागद शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, बरं झालं, आता मला दर रविवारी पत्रं न्यावी लागणार नाहीत.

हे शेवटचंच नेते आहे ती.

मास्तरांना सोमवारी घरी सोडताहेत. चालायचं आता कधी ते डॉक्टर सांगत नाहीत, पण सकाळ-संध्याकाळ उभं करायलाच हवं, नाहीतर पाय कायमचे जातील. काकूंना दिसत नाही आणि त्यांच्याने धरवणारही नाही. यादी दवाखान्यांची आहे, मास्तरांच्या घराची नाही. मी विचारून घेतलं. मास्तर म्हणाले, माझी काहीच तक्रार नाही, फक्त मी काहीही सांगितलं तरी हात काढायचा नाही.

पट्टा मी मिळवलाय. सोमवारपासून रोज सकाळी आठ, तुझ्या फेरीची वेळ. मी उजवी बाजू धरेन. डावा गुडघा दगा देतो हे तुलाच आधी कळलं होतं, तेव्हा डावी बाजू तुझी.

माझ्याशी बोलायची गरज नाही. मी अजून रागावलेलीच आहे आणि बरेच दिवस राहणार आहे. पण काकूंनी मास्तरांच्या घरच्या पलंगाच्या डोक्याशी मला एक कार्ड लावायला लावलं. पुठ्ठ्याचं, मीच रंगवलंय. लाल आहे. त्याला दोन माणसं लागतात आणि मी एकटी आहे.

— तुझी धाकटी